केमोच्या उलट्या, भांगेचे तेल आणि आईपासून लपवलेले थेंब

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातील एका वाचक भगिनीच्या ६१ वर्षांच्या आईंना अंडाशयाचा कर्करोग झाला असून शस्त्रक्रियेनंतर दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो चालू आहे. प्रत्येक केमोनंतर चार-पाच दिवस मळमळ आणि उलट्या होतात, ताट समोर आले की आई तोंड फिरवतात, वजन उतरले आहे आणि रात्रीची झोप उडाली आहे. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया पूर्वी झाल्यामुळे त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज घेतात. कॅनडात राहणारा भाऊ म्हणतो की तिकडे गांजाचे तेल राजरोस मिळते, येताना एक बाटली घेऊन येतो. एका नातेवाइकांनी भारतातच ऑनलाइन मिळणाऱ्या ‘विजया’ म्हणजे भांगेच्या अर्काची जाहिरात पाठवली असून त्याने गाठी विरघळतात आणि केमोची गरज उरत नाही, असे ते सांगतात. आई माळकरी आहेत. गांजा-भांगेचे नाव ऐकूनच नाही म्हणतील, अशी लेकीची खात्री आहे. डॉक्टर रागावतील या भीतीने त्यांना विचारलेले नाही. आईला न सांगता दुधातून थेंब दिले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, न सांगता देऊ नका. मात्र गांजा हा शब्द बदनाम आहे म्हणून मी हे म्हणत नाही. या वनस्पतीतील काही घटकांना केमोच्या उलट्यांवरच्या उपचारात खरोखरच जागा आहे आणि ती कोणती, हे मी पुढे सांगणार आहे. पण तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष दुसऱ्याच एका ओळीवर अडकले. तेलाबद्दल तुम्ही पानभर लिहिले आहे आणि उलटीच्या औषधाबद्दल फक्त एवढेच की, ‘डॉक्टरांनी एक गोळी दिली आहे, उलटीसारखे वाटले तर घ्या म्हणून.’ नेहमीचे उपचार करून थकलो, आता काहीतरी वेगळे हवे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला मात्र पत्रावरून असे दिसते की नेहमीचे उपचार अजून पुरते झालेलेच नाहीत.

कार्बोप्लॅटिन ज्या मात्रेत साधारणपणे दिले जाते, त्या मात्रेसाठी आजची मार्गदर्शक तत्त्वे उलटी रोखणारी किमान तीन औषधे एकत्र सुचवतात: ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन यांपैकी एक, डेक्सामेथासोन आणि ॲप्रेपिटंट किंवा त्याच्या गटातील एखादे औषध. तरीही त्रास राहिला तर रात्री ओलान्झापिन जोडता येते. ही औषधे उलटी होण्याची वाट पाहून घ्यायची नसतात. केमोच्या आधीपासून सुरू करून पुढचे काही दिवस घड्याळाप्रमाणे घ्यायची असतात, कारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतली उशिराची उलटी पहिल्या दिवसाच्या उलटीपेक्षा वेगळ्या मार्गाने येते आणि एकट्या ऑन्डॅन्सेट्रॉनला ती फारशी जुमानत नाही. ओलान्झापिनने फार गुंगी येते, अशी तक्रार असते. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या कामाचा आहे: १० मिलिग्रॅमऐवजी केवळ २.५ मिलिग्रॅम देऊनही उलट्यांवर तितकेच नियंत्रण राहिले आणि दिवसाची गुंगी कमी झाली. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील अभ्यासात हीच छोटी मात्रा रोज दिल्यावर जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची भूक आणि वजन सुधारले. तुमच्या आईंचा कर्करोग वेगळा आहे, हे खरे. पण भूक, झोप आणि मळमळ या तिन्ही तक्रारी एकत्र असताना हे औषध त्यांना चालेल का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा नक्कीच आहे.

त्यासाठी हाताशी एक साधी वही ठेवा. केमोचा दिवस, त्यानंतरचा प्रत्येक दिवस, किती वाजता मळमळ सुरू झाली, उलटी किती वेळा झाली, त्यात काय पडले, कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि शौचाला झाली का. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण तोच फार महत्त्वाचा आहे, कारण ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होते आणि कोठा तुंबला की मळमळ आणखी वाढते. मग घरचे आणखी ऑन्डॅन्सेट्रॉन देतात आणि चक्र सुरूच राहते. आणखी एक गोष्ट सांगते, ती कृपया हलक्यात घेऊ नका. अंडाशयाच्या कर्करोगात आतड्याला अडथळा येऊनही उलट्या होऊ शकतात. पोट फुगले, कळा येऊ लागल्या, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले, तर ती केमोची उलटी समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी मळमळ दाबणारे कोणतेही तेल मौल्यवान तास वाया घालवील.

आता गांजाविषयी. या वनस्पतीत शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड घटक आहेत, पण औषध म्हणून चर्चा मुख्यतः दोघांची होते. एक टीएचसी, ज्याने नशा चढते. इस्रायलमधील राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. दुसरे सीबीडी, ज्याने नशा होत नाही. मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) टीएचसी काम करते, ते उलटीच्या नियंत्रणातही गुंतलेले असतात, म्हणूनच त्याचा उलटीवर परिणाम दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८५ मध्येच ड्रोनाबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले टीएचसी, आणि त्याचेच भावंड असलेले नॅबिलोन, यांना केमोच्या उलट्यांसाठी मान्यता दिली. मान्यतेतली अट मात्र जाहिरातीत सांगत नाहीत: नेहमीच्या औषधांनी पुरेसा आराम पडला नाही, अशाच रुग्णांसाठी. भारतातील नेहमीच्या औषधविक्रीत या कॅप्सूल नाहीत.

ऑस्ट्रेलियातील अलीकडचा अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. उलटीची नेहमीची औषधे घेऊनही ज्यांना त्रास झाला होता, अशा रुग्णांना त्या औषधांच्या जोडीला २.५ मिलिग्रॅम टीएचसी आणि तितकेच सीबीडी असलेल्या कॅप्सूल दिल्या गेल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात, उलटी अजिबात न होणाऱ्या आणि जास्तीच्या गोळीची गरज न पडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. २०२४ मधील पूर्ण अहवालाचा कलही तोच राहिला. म्हणजे उपयोग झाला, पण चारांपैकी तिघांना पूर्ण आराम पडला नाहीच. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना गुंगी, चक्कर किंवा भान हरपल्यासारखे होणे असा मध्यम ते तीव्र त्रास झाला. तरीही ८३ टक्के रुग्णांनी तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या कॅप्सूलपेक्षा खऱ्याच कॅप्सूलला पसंती दिली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मळमळीने माणूस किती गांजतो, ते त्यातून कळते. हा अभ्यास मोजून मात्रा भरलेल्या कॅप्सूलचा होता, बाजारातल्या बाटलीचा नव्हता, आणि नेहमीची औषधे बंद करून केलेला तर नव्हताच.

भुकेबाबत निष्कर्ष निराशाजनक आहेत. कर्करोगाने भूक मेलेल्या रुग्णांवर युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासात गांजाचा अर्क, एकटे टीएचसी आणि खोटे औषध यांत फरक दिसला नाही, आणि अमेरिकेतील तुलनेत मेजेस्ट्रॉल हे जुने औषध ड्रोनाबिनॉलपेक्षा सरस ठरले. एकट्या सीबीडीचे तेल, जे ‘नशा न होणारे’ म्हणून सर्वाधिक विकले जाते, ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले; चांगल्या उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या जोडीला देऊनही त्याने तक्रारींचे एकूण ओझे आणखी कमी झाले नाही.

गाठी विरघळण्याच्या दाव्याबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर कॅनाबिनॉइडचा परिणाम दिसला आहे, १९७५ पासून तशा नोंदी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण बशीतल्या पेशी कितीतरी द्रव्यांनी मरतात. शरीरात ते द्रव्य गाठीपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचणे आणि वाटेत बाकीच्या अवयवांना न दुखावणे, इथेच बहुतेक आशा मावळतात. स्पेनमध्ये मेंदूच्या गाठीच्या ९ रुग्णांवर टीएचसीचा प्राथमिक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. हे द्रव्य देणे शक्य आहे, एवढेच त्यातून कळले, कोणी बरे झाले असे नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे की संशोधनाच्या चौकटीबाहेर गांजा किंवा त्याचे घटक कर्करोगावरचा उपचार म्हणून वापरू नयेत. नातेवाइकांनी पाठवलेली जाहिरात तर आपल्याच कायद्याला धरून नाही: औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. केमो बंद करण्याची गोष्ट निघाली, तर येल विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास त्यांना सांगा: बरा होण्याजोग्या कर्करोगात नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. तुमच्या आईंची केमो काम करीत असताना ती थांबवण्याचा सल्ला प्रेमापोटी आला असला, तरी तो स्वीकारू नका.

यानंतर तुमच्या आईंपुरता धोका. वॉरफरिन हा त्यात सर्वांत मोठा आहे. यकृतातील ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) वॉरफरिनचा निचरा होतो, त्यांना सीबीडी आवर घालते. फेफऱ्यासाठी सीबीडी घेणाऱ्या एका रुग्णाच्या वॉरफरिनची मात्रा सुमारे ३० टक्क्यांनी कमी करावी लागली, अशी नोंद आहे. एकीकडे कार्बोप्लॅटिनमुळे प्लेटलेट्स खाली येतात, दुसरीकडे वॉरफरिनचा जोर वाढतो, आणि कोणालाच त्याचा पत्ता नसतो. या स्थितीत हिरडीतून किंवा आतड्यातून रक्त सुरू झाले, तर ते थांबवणे कठीण जाते. शिवाय सीबीडीने यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचराही यकृतातूनच होतो. डॉक्टरांनी ॲप्रेपिटंट सुरू केले तरी वॉरफरिनचा परिणाम बदलतो, म्हणून आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी त्या आठवड्यात वाढवावी लागते. फरक एवढाच की तेव्हा बदल कशाने झाला, हे माहीत असते.

टीएचसीने या वयात रक्तदाब उतरणे, धडधड वाढणे आणि रात्री उठताना तोल जाणे हे नेहमीचे आहे, आणि वॉरफरिन घेणाऱ्या बाईंनी पडणे म्हणजे काय, ते मी वेगळे सांगायला नको. तोंडाने घेतलेले टीएचसी चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून घरचे आणखी थेंब देतात आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. कोणी धूर ओढायला सुचवले, तर पांढऱ्या पेशी खाली असताना बुरशीचा संसर्ग फुफ्फुसात जाण्याची भीती असते, एवढे लक्षात ठेवा. ज्या वाचकांच्या घरी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार चालू आहे, त्यांच्यासाठीही एक सूचना: गांजा वापरणाऱ्यांमध्ये त्या उपचाराचा परिणाम कमी दिसल्याची निरीक्षणे इस्रायलमधून आली आहेत, प्रश्न अजून वादात आहे, म्हणून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

बाटलीत काय आहे, हाही विश्वासाचा विषय राहत नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलावरील प्रमाण खरे निघाले ते केवळ ३१ टक्क्यांत, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडले. आपल्याकडे भांगेच्या बियांचे तेल अन्न म्हणून विकायला २०२१ पासून परवानगी आहे. ते सॅलडवर घालायचे तेल आहे, त्यात औषधी घटक जवळजवळ नसतात, पण किंमत आणि शब्द औषधाचे लावले जातात. आयुर्वेदात भांगेला स्थान आहे, जातिफलादि चूर्णासारख्या पाठात ती असते. मात्र कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने अशी औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. तीन प्रश्नांची नोंद भरून घेऊन, रुग्णाला न पाहता चिठ्ठी देण्याला मी देखरेख म्हणणार नाही.

भावाला तर आजच फोन करा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा आहे आणि देशाबाहेरून आणणे हा आणखी गंभीर गुन्हा. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर असला, तरी परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. आईच्या केमोच्या काळात मुलगा विमानतळावर अडकणे तुमच्या घराला परवडणार नाही. आणि ‘तिकडे कायदेशीर आहे’ याचा अर्थ ‘तिकडे त्याने कर्करोग बरा होतो’ असा होत नाही. सज्ञान माणसाने ते वापरावे की नाही, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिथल्या संसदेने दिले आहे.

आता आईंकडे वळते. न सांगता द्यायची कल्पना मायेतून आली आहे, याबद्दल मला शंका नाही. पण क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहा. रात्री दूध घेतल्यावर दीड तासाने छाती धडधडते, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, वेळेचे भान सुटते, आणि हे कशाने होते आहे ते त्यांना ठाऊक नाही. त्या हेच समजतील की आजार डोक्यात गेला. तुम्ही घाबरून रुग्णालयात नेले, तर तिथले डॉक्टरही तेच समजून मेंदूचा स्कॅन सांगतील, कारण खरे कारण तुमच्याच ओठांआड असेल. शिवाय त्यांची माळ ही त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळलेली गोष्ट आहे. ज्या काळात त्यांच्या शरीराचे जवळजवळ सगळे निर्णय दुसरे घेत आहेत, त्या काळात तोंडात काय जाते, याचा निर्णय तरी त्यांचा राहू द्या. त्या नाहीच म्हणतील, हेही तुम्ही गृहीत धरले आहे. अनेक माळकरी मंडळी डॉक्टरांनी वेदनेवर औषध म्हणून दिलेली, अफूपासून बनणारी मॉर्फिन घेतात, कारण त्यांना ते नीट समजावून सांगितलेले असते. कदाचित आई नकार देतील. पण तो त्यांनी द्यायचा आहे.

डॉक्टरांशी बोलण्याचे दडपण मी समजू शकते. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, बोलायला पाच मिनिटे मिळतात. म्हणून वही पुढे ठेवा आणि सरळ म्हणा, ‘डॉक्टर, या औषधांनी उलट्या थांबत नाहीत. तीन औषधांची जोडी आणि ओलान्झापिन आईला देता येईल का? घरात गांजाच्या तेलाचा विषय निघाला आहे, वॉरफरिनसोबत ते धोक्याचे आहे ना?’ असे विचारणाऱ्या लेकीवर रागावणारे डॉक्टर थोडे, आणि रागावले तरी त्यांना जे कळायला हवे ते कळलेले असेल. रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक उपचारांचा विभाग असेल, तर तिथे पाठवण्याची विनंती करा. तो विभाग फक्त अखेरच्या दिवसांसाठी असतो, ही आपल्याकडची चुकीची समजूत आहे. केमो चालू असतानाच मळमळ, झोप, वेदना आणि भीती यांवर तिथे सर्वाधिक वेळ देऊन ऐकले जाते. टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून उपशामक उपचारांचे केंद्र चालते. आणि एक निरीक्षण तुम्हीच करून पाहा: रुग्णालयाच्या वाटेवर, केमो सुरू होण्याआधीच आईंना मळमळू लागते का? तसे असेल तर ती आठवणीने येणारी उलटी असते, तिच्यासाठी आदल्या रात्री देण्याचे वेगळे औषध आणि श्वसनाचे व शिथिलीकरणाचे सराव असतात.

हे सगळे नीट करूनही उलट्या थांबल्या नाहीत, तर कॅनाबिनॉइडचा विचार करणे वावगे नाही; मात्र तो कर्करोगतज्ज्ञांच्या माहितीने, आईंच्या संमतीने, आयएनआर तपासत आणि घटकांचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजलेले असेल तरच व्हावा. ज्या वाचकांच्या घरी आजार शेवटच्या टप्प्यात आहे आणि चार दिवस शांत जावेत एवढीच इच्छा आहे, त्यांचे गणित वेगळे असू शकते, तिथे दूरच्या धोक्यांचे वजन कमी होते. पण गुंगी, गोंधळ आणि औषधांची आपसातली ओढाताण तिथेही असतेच, आणि वेदनेसाठी मॉर्फिन हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. २०१४ मध्ये कायदा बदलून ती मिळणे सोपे करण्यात आले आहे. आपल्या शहरात ती कोण देते, ते विचारून ठेवावे.

भावाला काही करायचेच असेल, तर त्याच्यासाठी काम आहे. पुढच्या भेटीच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, म्हणजे तीन औषधांबद्दलचे उत्तर तो स्वतः ऐकेल आणि नातेवाइकांना समजावण्याचे ओझे तुमच्या एकटीवर राहणार नाही. ॲप्रेपिटंट आणि पॅलोनोसेट्रॉन ऑन्डॅन्सेट्रॉनपेक्षा महाग पडतात. बाटलीसाठी ठेवलेले पैसे तो तिकडे वळवू शकतो. ही भेट पुढच्या केमोच्या आधी घ्या, कारण ॲप्रेपिटंट पहिल्या दिवशी केमोच्या आधीच द्यावे लागते.